व्हरांड्यातली खुर्ची

२० फेब्रुवारी, मंगळवार

साखर उपाशीपोटी १६८.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने ही वही आकडे लिहायला दिली आहे. पण एका आकड्याने पान भरतं का? जन्मभर शाळेत शिकवलं, कोरं पान वाया घालवणं माझ्याने होत नाही. शिवाय आज जे झालं ते कुठेतरी ओतल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि गावात अजून सांगायची चोरी.

सकाळी ऑकलंडहून फेआओचा फोन. माझ्या धाकट्या भावाचा, केलेपीचा, मुलगा.

"आत्या, बसली आहेस का?"

"माझे गुडघे मला दुसरं काही करू देतात का? बोल."

"मी टोंगाची लाल जर्सी घालायची म्हणतोय."

हातातला चहा चटईवर सांडला. सांडू दे.

या पोराने चार वर्षांपूर्वी न्यूझीलंडच्या रग्बी संघाची काळी जर्सी घातली होती. तिथेच जन्मला, तिथेच वाढला, आई तिथली. त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. मी म्हणाले होते. खेळवलं किती, तर अकरा मिनिटं. पुढे त्यांनी त्याला बोलावलं नाही आणि जुन्या नियमामुळे दुसऱ्या कुणाला बोलावता येईना. एकदा एका देशाकडून मोठा सामना खेळलास की जन्माचा त्यांचा, मग त्यांनी तुला खुंटीला टांगून का ठेवेनात. आता नियम सैल झालाय. तीन वर्षं कोरडी गेली की एकदाच देश बदलता येतो. अट एवढीच की त्या देशात स्वतः जन्मलेला हवा, नाहीतर आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणीतरी.

आमच्यात आत्याचा शब्द बापही मोडत नाही. फेआओ हे नाव मी ठेवलं. त्याच्या लग्नात सगळ्यांत वरच्या चटईवर मी बसणार, बाप खाली. तो हक्क मी दर नाताळला फोनवर वापरत आले : मरायच्या आधी एकदा तुला लाल रंगात बघू दे. मला वाटायचं, पोरगं एका कानाने ऐकतंय.

"आत्या, एकोणतीस झालो. आत्ता नाही तर मग म्हाताऱ्यांच्या संघात. क्लबाला सांगून टाकलं, हंगाम अर्धा सोडतोय."

"क्लब सोडलास? आधी निवड तरी होऊ दे!"

"तूच म्हणतेस ना, होडीत एक पाय ठेवू नये."

मी हे कधी म्हणाले आठवत नाही, पण म्हणाले असेन.

२५ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेहून येताना न राहवून विकामावशीला सांगितलं. म्हणजे पाच दिवस टिकले, माझ्या मानाने पुष्कळ.

विकामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्या घरापासून चौथ्या घरात एकटी राहते. लग्न केलं नाही. चटया मात्र अशा विणते की राजधानीतल्या बायका वाट बघत बसतात. फेआओ झाला तेव्हा तिने त्याच्यासाठी एक चटई विणली होती, इतकी मऊ की घडी घालून पिशवीत मावते. वर्ष घालवलं तिने तिच्यात. आमच्या नात्यातली नसून.

"कुठल्या नात्याने घेणार त्याला?" तिने विचारलं.

"बापाच्या. केलेपी इथे जन्मला ना."

"आजीच्या नात्यानेही चालतं म्हणतेस?"

"चालतं. पण बाप असताना आजीपर्यंत कशाला जायचं?"

 दारापर्यंत पोचवलं तर कुलूप उघडेना, किल्ली उलटी धरलेली. वय झालंय बिचारीचं.

घरी येऊन उमूतून, अंगणातल्या खड्ड्याच्या भट्टीतून, पानांत भाजलेलं लू काढलं, जेवले, आणि आता लिहायला बसले तर माझंच वाक्य मला टोचतंय. केलेपी इथे जन्मला ना.

तो इथे जन्मला नाही.

मी सहा वर्षांची होते. आई जहाजाने सुवाला गेली, चर्चच्या कामाला म्हणून. तिचं पोट माझ्या पोटासारखंच सपाट होतं, मी तिच्याच कुशीत निजायचे, मला ठाऊक. परत आली ती टापाच्या, झाडाच्या सालीच्या, कापडात बाळ गुंडाळून. म्हणाली, "हा तुझा भाऊ. कुणी विचारलं तर आपल्या घरात जन्मला." मी विचारलं, कुणाचा? तर अशी नजर टाकली की पुन्हा कधी विचारलं नाही. दोघंही गेले, आई आणि बाबा. तोंडातून अक्षर काढलं नाही.

यात लपवण्यासारखं काय होतं हे मला आजवर कळलेलं नाही. इथे दर तिसऱ्या घरात दुसऱ्याने दिलेलं मूल आहे आणि ते घरचंच असतं. सगळ्यांना माहीत असतं, कुणी त्याचं काही करत नाही. आमचंच काय एवढं होतं? पण आईने सांगितलं म्हणून मी तोंड शिवलं. केलेपीला यातलं काही माहीत नाही. त्याला ते कळू नये म्हणून मी आयुष्यभर जपले आहे.

६ मार्च, बुधवार

रग्बी संघटनेच्या कचेरीतून लिसिआते म्हणून कुणाचा फोन. मागे एका देशाच्या खेळाडूचे कागद खोटे निघाले आणि अख्खा संघ बाहेर गेला, तेव्हापासून सगळं दोनदा तपासतात म्हणे. केलेपीची जन्मनोंद शाळेत घालताना झालेली. त्या काळी अर्ध्या गावाची तशीच झाली. म्हणून जन्म आठवणारं कुणीतरी मोठं माणूस हवंय.

मोठं माणूस आता मीच उरले आहे.

१४ मार्च, गुरुवार

साखर १९१. कारण खाली.

लिसिआते आला. एके काळी पहिल्या फळीत धडका द्यायचा, आता त्याच्यात ती अख्खी फळी मावेल. चटईवर मांडी घालताना असं हाशहुश्श केलं की याला उठवायला दोर आणावा लागणार असं मला वाटलं. पण पोरगा अदबशीर. आल्या आल्या मानाचं म्हणून, पेय करायला, कावाचं मूळ पुढे ठेवलं आणि मान खाली घालून बसला.

"बाई, एकच वाक्य आहे. माझा भाऊ या गावात जन्मला, मला आठवतं. न्यायाधीशापुढे धर्मग्रंथावर हात ठेवायचा, सही करायची. मग मी मासे खाऊन विमानाने परत."

"मासे आहेत. आधी एक विचारू? समजा एखादं मूल घरात नुसतं वाढवलेलं असेल, तर?"

"कायद्याने दत्तक घेतलं असेल तर तेच आईबाप धरतात. नुसतं वाढवलेलं धरत नाहीत." तो खांदे उडवून म्हणाला, "बाहेरच्यांना आपलं हे समजावता समजावता आमची दाढी पिकली, बाई. मला स्वतःला दोन आया आहेत. नियमात एकच बसते."

"आणि समजा बाप बाहेर जन्मला असेल? उगाच विचारते. सुवात वगैरे?"

तो पोट धरून हसला. "मग फेआओ फिजीकडून खेळेल! तुम्हाला पांढऱ्या जर्सीला टाळ्या वाजवाव्या लागतील!"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," मी म्हणाले आणि हसले. 

त्याने कच्चा मसुदा पुढे केला.

"चष्मा सापडत नाही," मी म्हणाले.

"बाई, डोक्यावर आहे."

"तो लांबचा आहे."

तो बघत राहिला. शेवटी म्हणाला, मेमध्ये मुलांच्या रविवारी केलेपीभाऊ येणारच आहेत, तेव्हा मी पुन्हा येतो. मासे खाल्ले. जाताना दारात वळून म्हणाला, "बाई, पोरगं चांगलं आहे. प्रशिक्षकांनी त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे." एवढं सांगायची काही गरज नव्हती.

११ एप्रिल, गुरुवार

मधले दिवस काही लिहिलं नाही. साखर लिहायची सुद्धा टाळली, नर्स ओरडेल.

फेआओ रोज फोन करतो. सामन्याआधीच्या युद्धनाचाचे शब्द पाठ करतोय. मी फोनवर उच्चार सुधारते. "घशातून म्हण, नाकातून नको. ऑकलंडचं नाक ऑकलंडलाच ठेव."

आज मध्येच थांबला. म्हणाला, "आत्या, शाळेत मला टोंगाचा म्हणायचे. इथे गावी आलो की ऑकलंडचा म्हणतात. काळ्या जर्सीत उभा होतो ना, सगळे गात होते, मीही गात होतो. पण माझ्या मनात येत होतं, ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे, तो आला की मला उठावं लागेल. तसंच झालं."

"आणि इथे?"

"इथे तू आहेस. मला कोण उठवणार?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले.

एक सही. तिच्यापायी कुणाचं वाकडं होणार आहे? आई असती तर डोळे मिटून केली असती. पण ज्या हाताने पोरांच्या पाटीवर खरं बोलावं लिहून दिलं तो हात ग्रंथावर ठेवून खोटं बोलू? बरं, बोलले, आणि उद्या भर स्पर्धेत कुणी खणून काढलं तर? मग एकट्या फेआओची नाही, सगळ्या संघाची मान खाली. आणि खरं बोलले तर पोरगं आजच गेलं. तेही कुठे, तर फिजीकडे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

केलेपीला विचारायची सोय नाही. बहिणीने भावापुढे बाळंतपणाचा विषय काढायचा? आम्ही एका खोलीत बसून टीव्ही सुद्धा बघत नाही.

आणखी एक आहे, ते लिहूनच टाकते. केलेपी माझा भाऊ नाही असं एकदा माझ्या तोंडून बाहेर पडलं, तर मी फेआओची कोण? शेजारीण? मला मूलबाळ नाही. आत्या असणं हेच माझ्याजवळ आहे.

३ मे, शुक्रवार

केलेपी आला. विमानतळावरून भाड्याच्या गाडीने गावात शिरला आणि नेहमीप्रमाणे आधी विकामावशीकडे गेला! दर वेळी हेच. सख्खी बहीण इकडे वाट बघत्येय आणि हा चार घरं अलीकडे उतरून तासभर तिथे. म्हणे तिच्या हातचा मासा खायचा असतो. मी काय दगड रांधते का? मी काही बोलत नाही, पण मला राग येतो आणि येतोच.

संध्याकाळी फेआओच्या जुन्या क्लबाचा सामना होता. फेआओ नव्हता त्यात, पण बघायची सवय. मी आत, केलेपी बाहेर व्हरांड्यात त्याच्या लाकडी खुर्चीवर. टीव्ही मी खिडकीकडे तिरका करते, म्हणजे त्याला दिसतं. मोठं झाल्यावर भाऊबहीण एका खोलीत असं बसत नाहीत, म्हणून वयात आल्यापासून आमचे सगळे सामने मध्ये भिंत ठेवूनच बघून झाले. आपल्या बाजूने काही चांगलं झालं की तो बाहेरून भिंतीवर थाप मारतो. मी आतून मारते. बाबांनी त्यासाठी दोनदा फळ्या बदलल्या होत्या.

आज त्याची थाप फार मवाळ वाटली. त्याचं वजनही उतरलंय.

५ मे, रविवार

मुलांचा रविवार. पांढऱ्या कपड्यांतली चिमुरडी एकेक वचन म्हणायला उभी राहिली. एक पोरगी मध्येच विसरली आणि आईकडे बघत राहिली. आई बाकावरून ओठ हलवत होती. सगळे हसले.

विकामावशी हसली नाही. डोळे पुसत होती. बाहेर उमूंचा धूर फार झाला होता.

माझं ठरलं. खरं सांगणार. कसं ठरलं विचारू नये, वचनांनी वगैरे काही झालं नाही. फक्त खोटं मला पाठ होईना. गेले दोन महिने ते एक वाक्य मनात म्हणून बघत्येय आणि दर वेळी त्या पोरीसारखी मध्येच अडकत्येय.

८ मे, बुधवार

आज सगळं लिहिते.

लिसिआते सकाळी आला. केलेपीसमोर हा विषय निघणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला मासे आणायला पिटाळलं. तो मासळीच्या धक्क्याकडे न जाता विकामावशीच्या घराकडे वळलेला मी खिडकीतून पाहिला. म्हटलं, जा बाबा, आज तरी तिथेच बस.

मी सरळ बोलले. "माझा भाऊ या गावात जन्मला नाही. माझ्या आईने त्याला सुवाहून आणला. त्याला जन्म कुणी दिला मला ठाऊक नाही. लिहून घे."

लिसिआतेने लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं.

"बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"मी शिक्षिका होते. कळतोय."

"या हिशेबाने तो फिजीकडून खेळू शकतो. आपल्याकडून नाही. मी हे ऐकलंच नाही असं..."

"ऐकलंस. कान आहेत तुला."

तो मान खाली घालून बसला. मला वाटलं, झालं. पोराचं स्वप्न मी माझ्या हाताने बुडवलं, भावाला परका केलं, स्वतःला वांझोटी म्हातारी करून घेतलं, आणि मिळवलं काय? मनात आईला शिव्या घातल्या. देवालाही घालणार होते.

तेवढ्यात पायरीवर चाहूल. केलेपी विकामावशीला दंडाला धरून घेऊन आला होता. तिला पायरीपर्यंत पोचवलं, माझ्याकडे न बघता पाठ फिरवली आणि अंगणात माडाखाली जाऊन उभा राहिला. विकामावशीने कमरेला चांगली चटई बांधली होती, मानाच्या प्रसंगी बांधतात ती, रविवारची. ती आत येऊन लिसिआतेसमोर बसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"लिही रे बाबा. केलेपीला मी जन्म दिला. सुवाच्या इस्पितळात. मी तिथे नर्सचं शिकायला गेले होते. मी स्वतः याच गावात जन्मले, याच चर्चमध्ये माझं नाव घातलं. म्हणजे त्या पोराची आजी इथली झाली. आजी चालते ना? मी हिला विचारलं होतं, ही म्हणाली चालते."

लिसिआतेचं तोंड उघडं ते उघडंच. माझंही.

तिचे वडील आमच्या चर्चचे कारभारी, दर रविवारी प्रवचन देणारे. लग्नाआधीचं मूल घेऊन ती परतली असती तर त्यांनी व्यासपीठ सोडलं असतं. तिने माझ्या आईला चिठ्ठी पाठवली आणि आई जहाजात बसली.

"तुझ्या आईने एक अट घातली," ती आता मला म्हणाली. "तोंड उघडायचं नाही, माझ्या मुलीपुढे तर नाहीच. आणि एक मुभा दिली. म्हणाली, मूल रोज दिसेल एवढ्या अंतरावर राहा, त्याच्या अलीकडे येऊ नकोस. मी चौथं घर घेतलं."

"आणि केलेपी?" मी विचारलं.  "त्याला हे..."

"तो ऑकलंडला निघाला तेव्हा सांगितलं. वीस वर्षांचा होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, मावशी, ताईला हे कळता कामा नये. तिला फार लागेल."

खिडकीतून तो दिसत होता, माडाला टेकून, इकडे पाठ करून. मी त्याच्यासाठी जपलं, त्याने माझ्यासाठी जपलं. एकमेकांना विचारायची रीत नव्हती, म्हणून दोघंही आपापल्या बाजूने भिंत धरून उभे. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

१३ मे, सोमवार

साखर २४०. नर्स म्हणाली, खोटा आकडा तर नाही ना? म्हटलं, आता खोटं काही उरलेलंच नाही.

केलेपी विकामावशीला घेऊन राजधानीला गेलाय. तिच्या गालात कापसाची काडी फिरवून ती आई-मुलाचं नातं तपासायला न्यूझीलंडला पाठवायची, केलेपीचीही. मावशीला चिंता, सकाळी मासा खाल्लाय, तो तर त्यात येणार नाही ना?

जाताना केलेपी मला "ताई, येतो" म्हणाला. बस. त्या दिवसापासून आमच्यात याहून जास्त काही बोलणं नाही. त्यात नवं काही नाही खरं तर, आम्ही कधीच फार बोललो नाही. पण आता प्रत्येक न बोललेल्या गोष्टीचा मी अर्थ लावत बसते.

विणकामाच्या गटात बातमी माझ्या आधी पोचली होती. एकजण चटईच्या पट्ट्या सोलता सोलता म्हणाली, "काय गं तोआकासे, आता फेआओच्या लग्नात वरच्या चटईवर कोण गं? विकाला तर दुसरं मूल नाही. जागा रिकामीच राहणार म्हणायची!" बाकीच्या हसल्या नाहीत, पण गप्पही बसवलं नाही कुणी. मी पट्ट्या गोळा केल्या आणि घरी आले.

लागलं. खूप लागलं. कारण ती बरोबर बोलत होती.

१२ जून, बुधवार

लिसिआतेचा फोन. जुळलं. कागद मान्य झाले. फेआओ संघात आहे. पहिला सामना सहा जुलैला, सुवात, फिजीविरुद्ध. देवाला विनोद कळतो.

थोड्या वेळाने फेआओचा. त्याला त्याच्या बापाने सगळं सांगितलंय. 

मीच सुरुवात केली. शब्द आठवडाभर जुळवून ठेवले होते. "हे बघ, आता नियमाने तू विकामावशीचा नातू आहेस. चांगलं झालं. तिला आजी म्हण, तिने फार सोसलंय. आणि मला आत्या म्हणायलाच पाहिजे असं आता..."

"मग नाव परत घेतेस का?"

"कसलं नाव?"

"माझं. तू ठेवलंस ना? घेऊन टाक परत. सहा तारखेला मी बिननावाचा उतरतो. पाठीवर नुसता आकडा असेल, लोक विचारतील हा कोण, सांगू आत्याने राजीनामा दिलाय."

"वाह्यातपणा करू नकोस."

"तू नको करूस. दुसरं कडवं ऐक, उच्चार बघ."

त्याने म्हटलं. एकच चूक होती. मी काढली.

६ जुलै, शनिवार

सामना दुपारी होता. सकाळपासून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते आणि ती सामन्याची नव्हती.

केलेपी आठवड्यापूर्वी पुन्हा आलाय. या खेपेला सरळ विमानतळावरून आधी माझ्याकडे! मी इतकी गांगरले की विचारलं, "मावशीकडे नाही गेलास?" तर म्हणाला, "आता चोरून जायचं कारण नाही. सावकाश जाईन."

मी खोलीत दोन चटया टाकल्या आणि केलेपीची लाकडी खुर्ची व्हरांड्यातून उचलून आत आणून ठेवली. चांगली पुसली. गेले दोन महिने ठरवत होते. विकामावशी आली, टीव्हीसमोर बसली. मग केलेपी आला, दारातच थबकला, खुर्ची बघितली.

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "केलेपी, आता आत बसलास तरी चालेल. आता तशी काही आडकाठी उरली नाही. पोराचा सामना आहे, तुला नीट दिसू दे."

त्याने मान वर केली नाही, माझ्यापुढे कधी करत नाही तशीच. आत आला, वाकला, खुर्ची उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन तिच्या जागी ठेवली. फरशीवर तिचे चार डाग पडलेले आहेत, बरोबर त्या डागांवर. बसला. मग खिडकीतून म्हणाला,

"ताई, टीव्ही जरा इकडे कर. आणि आवाज वाढव."

मी उठले आणि टीव्ही खिडकीकडे तिरका केला. त्याला पाठमोरी होते हे बरं होतं.

विकामावशी एकदा माझ्याकडे बघे, एकदा खिडकीकडे. तिला म्हटलं, "मावशी, तू कशाला आत कोंडून घेतेस? तुला कुणाची आडकाठी? जा, पोराजवळ बस." ती उठली, तिची उशी मी बाहेर नेऊन दिली. केलेपीने तिला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला.

खोलीत मी एकटी उरले. एवढ्या मोठ्या खोलीत एकटी, आणि मला काही कमी वाटलं नाही.

फेआओ युद्धनाचात दुसऱ्या ओळीत होता. कॅमेरा त्याच्यावर आला तेव्हा तो तेच कडवं म्हणत होता. शब्द घशातून येत होते. तासाभराने, आम्ही मागे असताना, त्याला राखीव बाकावरून मैदानात उतरवलं. अकरा मिनिटांहून जास्त खेळला, एवढं मी पाहिलं. शेवटी आम्ही हरलो, पाच गुणांनी, ते काही नवं नाही. पण त्याआधी दोन फिजीवाल्यांना अंगावर घेऊन तो रेषेपलीकडे पडला आणि चेंडू खाली टेकवला, तेव्हा मी अशी किंचाळले की अंगणातली डुकरं पळाली.

बाहेरून भिंतीवर थाप पडली. केलेपीची, पूर्वीसारखी दणदणीत. तिच्यामागोमाग, जरा खाली, खुर्चीच्या उंचीवर, आणखी एक पडली, हलकी. मावशीला अजून सवय नाही.

मी आतून दोन्ही हातांनी मारल्या. एक फळी हलली आहे, केलेपीला उद्या नको, उद्या रविवार, सोमवारी ठोकायला सांगायची.